अणुहल्ल्यानंतरची रुग्णसेवा: नर्सच्या हातातलं घड्याळ, पेन आणि साबण

६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी सव्वाआठला हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा शहरात १७८० नर्सेस होत्या, अशी नोंद आहे. त्यातल्या १६५४ जणी मेल्या किंवा कामाला उभं राहता येणार नाही इतक्या जखमी झाल्या. रेड क्रॉसचं हॉस्पिटल स्फोटाच्या केंद्रापासून साधारण दीड किलोमीटरवर होतं. काँक्रीटची इमारत म्हणून ते टिकलं आणि चालता येणारा प्रत्येक माणूस त्या दिशेने निघाला. तिथल्या मोजक्या धडधाकट माणसांनी भाजलेल्यांना तेल लावलं, जखमा बांधल्या. हॉस्पिटलात साठवून ठेवलेल्या एक्स-रे फिल्म मात्र न वापरताच खराब झाल्या होत्या. हा बॉम्ब नुसता आगीचा नाही, याची ती खूण होती. पुढच्या काही आठवड्यांत, अंगावर ओरखडाही नसलेल्या माणसांचे केस हातात यायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आणि ती माणसं गेली.

त्या नर्सेसना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. आपल्याला सगळं माहीत असायला हरकत नाही. मी अनेक वर्षं कॅज्युअल्टीत काढली, आता नर्सेसना सामूहिक आपत्तीचं प्रशिक्षण देते. वर्गात या विषयाची भीती इतकी असते की साध्या, हातातल्या गोष्टी सुचत नाहीत. हा लेख त्या साध्या गोष्टींचा आहे. डॉक्टरांच्या निर्णयाला आणि तुमच्या हॉस्पिटलच्या आपत्ती योजनेला हा पर्याय नाही. पण योजना कपाटात आणि पेशंट दारात अशी वेळ आली, तर हात कुठून सुरू करायचा हे यातून कळेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा

किरण लागलेला माणूस आणि धूळ बसलेला माणूस, हे दोन वेगळे. छातीचा एक्स-रे काढून आलेल्या पेशंटमधून किरण बाहेर पडत नाहीत. तसंच, स्फोटाच्या वेळी ज्याच्या शरीरातून किरण आरपार गेले तो कितीही गंभीर असला तरी आपल्याला त्याच्यापासून धोका नाही. धोका असतो तो अंगावर, कपड्यांवर, केसांत बसलेल्या किरणोत्सर्गी धुळीचा. धूळ काढता येते, धुता येते.

म्हणून हे सोवळं-ओवळं धुळीचं आहे, माणसाचं नाही. जपानमध्ये बॉम्बमधून वाचलेल्यांना पुढे नोकऱ्या नाकारल्या गेल्या, लग्नं मोडली. वॉर्डमधल्या मावशी, मामा, नातेवाईक सगळे नर्सच्या चेहऱ्याकडे बघून ठरवतात की या पेशंटजवळ जायचं की नाही. तुम्ही हात लावलात तर तेही लावतील.

आपत्ती कोणती, हे विचारा

युद्धातली अणुआपत्ती दोन तऱ्हेची असू शकते. एक, बॉम्ब. त्यात भाजणं, ढिगाऱ्याखाली चिरडणं, काचा घुसणं, डोळ्यांना तात्पुरती अंधारी, आणि नंतर वरून पडणारी किरणोत्सर्गी धूळ. दुसरी, अणुवीज प्रकल्पावर हल्ला किंवा त्याच्या वीज-पाण्याची वाट लागणं. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या झापोरिझ्झिया प्रकल्पाच्या आवारात लढाई झाली तेव्हा ही शक्यता कागदावरची राहिली नाही. आपल्याकडे तारापूर १९६९ पासून चालू आहे, त्यामुळे पालघर-डहाणूकडच्या नर्सला हा प्रश्न परका नाही. प्रकल्पाच्या आपत्तीत भाजलेले कमी, पण किरणोत्सर्गी आयोडीन आणि सीझियम हवेत, दुधात, पाण्यात मिसळण्याचा धोका मोठा. औषधं कोणती काढायची हे या फरकावर ठरतं.

पहिला तास: बाहेर धावू नका

मदतीला पळत सुटावंसं वाटतं. तो आवेग आवरा. बॉम्बनंतर वर उडालेली धूळ खाली यायला दहा-पंधरा मिनिटं ते काही तास लागतात, आणि ताजी धूळ सगळ्यात घातक. सात पटींचा नियम लक्षात ठेवा: वेळ सातपट झाला की धुळीच्या किरणांचा जोर दहापट कमी होतो. पहिल्या तासाला जोर १०० धरला तर ७ तासांनी १०, ४९ तासांनी १, आणि दोन आठवड्यांनी ०.१. म्हणजे पहिला दिवस आत काढला तर धोक्याचा सर्वांत मोठा भाग टळतो.

खिडक्या बंद, बाहेरची हवा खेचणारे एसी आणि पंखे बंद. बाहेरच्या भिंतीलगतचे आणि वरच्या मजल्यावरचे पेशंट मधल्या पॅसेजमध्ये किंवा खालच्या मजल्यावर आणा. पिण्याचं पाणी झाकून भरून ठेवा. पेशंट दुसरीकडे हलवण्याची घाई करू नका. २०११ मध्ये फुकुशिमाजवळच्या एका हॉस्पिटलातले अंथरुणाला खिळलेले वृद्ध पेशंट बसमधून, पुरेशा देखरेखीविना तासन्‌तास फिरवले गेले आणि अनेक जण दगावले. त्यांचा जीव किरणांनी घेतला नाही. पाणी, ऑक्सिजन आणि सक्शन तुटल्याने गेला.

दारात: कपडे काढणं

बाहेरचे कपडे आणि चपला काढल्या की अंगावरची बहुतेक धूळ, ढोबळमानाने ८० ते ९० टक्के, तिथेच निघून जाते. एवढा परिणाम देणारं दुसरं काही तुमच्याकडे नाही. म्हणून यावर मी जास्त थांबते.

आमच्या सरावात एका विद्यार्थ्याच्या शर्टावर, केसांवर आणि चपलांवर हळद भुरभुरतो. दोघी त्याला 'स्वच्छ' करतात. मग सगळ्यांनी पिवळं कुठे कुठे गेलं ते शोधायचं. एकदा एका हुशार मुलीने कपडे सुरेख काढले, हातमोजे बदलले, जमिनीवर कणही पडू दिला नाही. शेवटी मी तिच्या खिशातलं पेन मागितलं. पेनच्या टोपणावर दोन बोटांचे पिवळे ठसे होते. मधेच नाव लिहायला तिने पेन काढलं होतं, आणि तेच पेन ती पुढच्या तीन पेशंटच्या केस पेपरवर वापरणार होती. त्या दिवसापासून आम्ही लिहिणारी आणि हात लावणारी अशा दोघी वेगळ्या ठेवतो. तुम्हीही ठेवा.

पद्धत अशी. नाका-तोंडावर मास्क किंवा ओला रुमाल पेशंटला द्या. शर्ट डोक्यावरून काढू नका, धूळ तोंडात जाते. समोरून मधोमध वर-खाली कात्री चालवा, बाह्यांवरून कापा आणि कापड आतून बाहेर गुंडाळत न्या, म्हणजे धुळीची बाजू गुंडाळीच्या आत राहील. कूस बदलताना गुंडाळी अंगाखालून ओढून घ्या, चादर बदलतो तशी. साडी असेल तर झटकू नका, फेडताना आतल्या बाजूला गुंडाळा. मंगळसूत्र, अंगठी, चष्मा वेगळ्या छोट्या पिशवीत नावासकट. ते धुऊन परत देता येतात, आणि 'परत मिळेल' हे पेशंटला सांगा. कपडे दुहेरी पिशवीत, चिकटपट्टीने बंद, वर नाव आणि वेळ, आणि माणसांपासून दूर. चेर्नोबिल अणुवीज प्रकल्पाच्या आगीशी झुंजलेल्या जवानांचे कपडे १९८६ मध्ये प्रिप्यात शहरातल्या हॉस्पिटलच्या तळघरात टाकले गेले. कित्येक दशकांनीही तिथे किरण मोजणारी यंत्रं वाजत होती.

तुम्ही स्वतः टोपी, गॉगल, एन-९५ मास्क, गाऊन, बूट-कव्हर आणि दुहेरी हातमोजे घाला. आतला हातमोजा गाऊनच्या बाहीला चिकटवा, बाहेरचा प्रत्येक पेशंटनंतर बदला. डोस मोजणारा बिल्ला मिळाला असेल तर तो गाऊनच्या बाहेर, छातीवर. शिशाचे एप्रन शोधत बसू नका. या धुळीच्या किरणांपुढे ते फारसे टिकत नाहीत, आणि वजनाने तुम्ही अर्ध्या तासात थकाल. गरोदर सहकारीला आत, स्वच्छ भागात काम द्या.

जीव आधी, धूळ नंतर

या लेखातलं एकच वाक्य भिंतीवर लावायचं असेल तर हे लावा. रक्त वाहतंय, श्वास अडकलाय, छातीत हवा भरलीये, तर आधी ते. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण या नेहमीच्याच क्रमाने जा. मोजणी यंत्र वाजतंय म्हणून टूर्निके (रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा) लावायला उशीर झाला तर तो मृत्यू आपल्या भीतीचा असतो. नेहमीची काळजी घेऊन धूळ बसलेल्या पेशंटवर उपचार करणाऱ्याला धोकादायक डोस मिळण्याची शक्यता फार कमी असते. चादरीत गुंडाळून पेशंट आत घेतला तरी चालतो; धूळ चादरीत राहते.

धुणं

पेशंट स्थिर झाला की आधी जखमा. सलाईनने हलक्या धारेने धुवा आणि पाणी न शिरणाऱ्या ड्रेसिंगने झाका. मग तोंड, नाक, डोळे, कान. शेवटी उरलेली त्वचा, वरून खाली. कोमट पाणी आणि साधा साबण पुरतो. गरम पाण्याने रक्तवाहिन्या फुलतात, थंडने छिद्रं आकसून धूळ अडकते. घासणी, ब्रश, दगड नको. त्वचा सोलली की धूळ आत जाते. केसांना शाम्पू चालेल, कंडिशनर नको, त्याने कण केसांना चिकटतात. नखं कापा.

मोजणी यंत्र असेल तर आधी मोकळ्या जागेचं वाचन घ्या. यंत्राचं टोक पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा, त्वचेपासून एक-दोन सेंटीमीटरवर धरा, आणि बोट फिरवावं तसं सावकाश फिरवा. वाचन मोकळ्या जागेच्या दुपटीच्या खाली आलं, किंवा दोन-तीन वेळा धुऊनही उतरेना, तर थांबा. यंत्र नसेल तरी धुणं थांबवू नका. धुतलेलं पाणी साठवता आलं तर उत्तम. त्यासाठी कुणाला ताटकळत ठेवू नका.

धुणं किती महत्त्वाचं, हे मार्शल बेटांवर दिसलं. १ मार्च १९५४ च्या अमेरिकी बॉम्ब चाचणीनंतर तिथल्या राँगेलॅप बेटावर पांढरी धूळ पडली. काय आहे हे माहीत नसल्याने मुलं तिच्यात खेळली. पुढे टाळू, मान आणि पायांवर जखमा उठल्या. कपड्याने झाकलेली कातडी बरीचशी वाचली.

घड्याळ: उलटी कधी झाली?

पेशंट बोलत असेल तर तीन प्रश्न विचारा. स्फोटाच्या वेळी कुठे होता? नंतर बाहेर किती वेळ होता? पहिली उलटी किती वाजता झाली? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मनगटावरच्या चिकटपट्टीवर लिहा, कारण केस पेपर हरवतात.

किरणं लागल्यापासून तासाच्या आत उलटी सुरू झाली तर डोस बहुधा ४ ग्रेच्या वर (ग्रे म्हणजे शरीराने शोषलेल्या किरणांचं माप). एक ते दोन तासांत झाली तर २ ते ४. दोन तासांनंतर झाली तर १ ते २. उपचार न मिळता साधारण साडेतीन ते चार ग्रे डोस मिळालेल्यांपैकी निम्मे दोन महिन्यांत दगावतात. म्हणजे उलटीची एक वेळ पेशंटचा पुढचा महिना सांगते. अर्थात डोक्याला मार, घाबरणं, धूर यांनीही उलट्या होतात. म्हणून दुसरा पुरावा घ्या, तो रक्तातला.

पहिला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पेशंट आल्याबरोबर, मग पहिले दोन दिवस दर सहा ते आठ तासांनी. एकूण पांढऱ्या पेशींवर फसू नका. सुरुवातीला ताणामुळे त्या वाढतात. लिम्फोसाइटचा (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, किरणांनी सर्वांत आधी घटणारा) खरा आकडा स्वतः काढा. सकाळी पांढऱ्या पेशी ६०००, त्यात लिम्फोसाइट ३० टक्के, म्हणजे १८००. रात्री पांढऱ्या पेशी ९०००, घाईत वाटतं 'सुधारणा आहे'. पण लिम्फोसाइट ८ टक्केच आहेत, म्हणजे ७२०. बारा तासांत निम्म्याहून जास्त घसरण, पेशंट गंभीर. चोवीस तासांत आकडा निम्मा झाला किंवा ४८ तासांत १००० च्या खाली गेला तर डॉक्टरांना लगेच सांगा. प्रत्येक नमुन्यावर नुसती तारीख नको, वेळही हवी.

कोणाला आधी?

लाल (तातडीचा), पिवळा (थोडं थांबू शकणारा), हिरवा (किरकोळ), काळा (वाचण्याची शक्यता फार कमी) ही पट्ट्यांची नेहमीची वर्गवारी तीच. पण अपुऱ्या साधनांत २ ते ६ ग्रेच्या टप्प्यातल्या पेशंटना उपचाराचा सर्वांत जास्त फायदा होतो. मोठं भाजणं आणि मोठा डोस एकत्र असेल तर जगण्याची शक्यता झपाट्याने घटते. काळी पट्टी लावलेल्या पेशंटजवळही एक माणूस ठेवा. वेदनाशामक, उलटीवर ओन्डान्सेट्रॉन, ओठांवर ओला बोळा, हातात हात. काळ्या पट्टीचा अर्थ 'सोडलेला' असा होत नाही, आणि दर काही तासांनी ती वर्गवारी पुन्हा तपासा.

भाजलेल्यांत नेमकं काय जळलं ते बघा. हिरोशिमात किमोनोच्या गडद नक्षीखालची कातडी जळली, फिकट कापडाखालची वाचली. गडद रंग उष्णता शोषतो. लगेच दिसणारं भाजणं हे उष्णतेचं, ते नेहमीसारखंच सांभाळा. सलाईनचा हिशेब भाजल्याच्या वेळेपासून करा, हॉस्पिटलात आल्यापासून नाही. कमी भाजलेला, शुद्धीवरचा पेशंट ओआरएस पिऊ शकत असेल तर सलाईन दुसऱ्यासाठी वाचवा.

शस्त्रक्रिया लागणारच असेल तर ती शक्यतो पहिल्या ३६ ते ४८ तासांत उरकावी. त्यानंतर रक्तपेशी कोसळतात, जखम भरत नाही, आणि मग साधारण दोन महिने थांबावं लागतं. ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) यादीवर प्रत्येक नावापुढे ४८ तास कधी संपतात ती वेळ लिहा. सर्जनच्या डोक्यात तीस गोष्टी असतील, ही एक आपण धरून ठेवायची.

गर्दीसाठीही तयारी हवी. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात किरणोत्सर्गी सीझियमची डबी फुटल्यावर एका स्टेडियममध्ये साधारण १,१२,००० लोकांची तपासणी झाली. धूळ सापडली ती २४९ जणांवर. घाबरलेल्या, चालत्या माणसांची तपासणी हॉस्पिटलच्या दाराबाहेर, शाळेत किंवा मैदानात हलवली नाही तर खरा गंभीर पेशंट गेटवरच अडकतो.

औषधं

पोटॅशियम आयोडाइड थायरॉइडचं रक्षण करतं, बाकी कशाचंच नाही. अणुवीज प्रकल्पाच्या आपत्तीत ते महत्त्वाचं. प्रौढांना १३० मिलिग्रॅम, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना ६५, एक महिना ते ३ वर्षं ३२, नवजात बाळाला १६. मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आया आधी. चाळिशीपुढच्यांना फायदा कमी. किरणोत्सर्गी आयोडीन शरीरात पोचायच्या आधीचे २४ तास ते नंतरचे २ तास ही उत्तम वेळ, ८ तासांपर्यंत अर्थ आहे. त्यानंतर फायदा जातो आणि २४ तासांनंतर तोटाच जास्त. जखमेवर लावायचं टिंक्चर आयोडीन कोणी पिऊ नये, हे ओरडून सांगा.

सीझियम पोटात गेलं तर प्रशियन ब्ल्यू हे औषध. शौचाला निळं होतं, हे पेशंटला आधीच सांगा, आणि बद्धकोष्ठता व पोटॅशियमवर लक्ष ठेवा. प्लुटोनियमसाठी डीटीपीए, ते धातू बांधून लघवीतून बाहेर काढतं. अस्थिमज्जा सावरायला फिलग्रास्टिमसारखी इंजेक्शनं, २ ग्रेच्या वर डोस असेल तर शक्यतो पहिल्याच दिवशी. ती २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. वीज गेली तर बर्फाचा डबा कोणाकडे, हे आजच ठरवा.

ड्युटी संपताना

बाहेरचे हातमोजे आधी, मग गाऊन आतून बाहेर गुंडाळत, बूट-कव्हर, आतले हातमोजे. एक पाय स्वच्छ रेषेपलीकडे ठेवूनच दुसरा उचला. मास्क सगळ्यात शेवटी. अंघोळ. बिल्ल्यावरचा आकडा रजिस्टरमध्ये, तुमच्या नावापुढे. नेहमीच्या कामात आपल्या देशात कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टची (शरीरावर होणाऱ्या किरणांच्या परिणामाचं माप) मर्यादा आहे. जीव वाचवण्याच्या प्रसंगी आंतरराष्ट्रीय सूचना ५०० पर्यंत जाऊ देतात, तेही स्वेच्छेने. हे आकडे प्रमुखांनी तुम्हाला सांगितले पाहिजेत, आणि तुम्ही विचारले पाहिजेत. घरी मुलं कोणाकडे आहेत हे ठरलेलं नसेल तर कुठलीही नर्स पाचव्या तासानंतर नीट काम करू शकत नाही. ही बोलणी शांततेच्या दिवसांत करून ठेवा.

दुसरा आणि तिसरा आठवडा

पहिल्या दोन-तीन दिवसांच्या उलट्या थांबतात आणि पेशंट म्हणतो, "सिस्टर, मी बरा आहे, घरी जातो." हाच फसवा काळ. पेशी आतून संपत चाललेल्या असतात. सोडायचाच असेल तर फोन नंबर, शेजाऱ्याचा नंबर, आणि परत यायची तारीख रजिस्टरमध्ये लिहून घ्या; सीबीसीसाठी बोलावत राहा. न आलेल्यांना शोधायला माणूस पाठवा.

वॉर्ड आता रक्ताच्या कर्करोगाच्या वॉर्डसारखा चालवायचा. हात धुणं कडक. कच्ची कोशिंबीर, बाहेरचा उसाचा रस, देवाची फुलं पलंगाशी नको. दंडात किंवा कंबरेत इंजेक्शन नको, एनिमा नको, गुदद्वारातून ताप मोजणं नको. दात मऊ ब्रशने किंवा बोळ्याने पुसा. चढवायचं रक्त किरणं देऊन प्रक्रिया केलेलं आणि पांढऱ्या पेशी गाळलेलं आहे ना, हे पिशवीवरची पट्टी वाचून खात्री करा. ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला की नमुना घेऊन पहिलं अँटिबायोटिक तासाच्या आत गेलं पाहिजे. सकाळच्या राउंडची वाट बघू नका.

आणि रोज सकाळी अंथरूण करताना उशी बघा. केस पुंजक्याने यायला लागले तर ती तारीख केस पेपरवर उलटीच्या वेळेच्या खाली लिहा. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास असे केस जाणं म्हणजे डोस ३ ग्रेच्या आसपास किंवा वर होता. पेशंट विचारेल, परत येतील का? या डोसला जगलेल्यांचे बहुतेक वेळा परत येतात, काही महिन्यांत. हे त्याला पलंगाशी बसून सांगा.